पारखी जमातीचा नियम

"छे, छे! हे शक्यच नाही!" डॉ. लोखंडे इतक्या जोरात ओरडले, की हातातला चहा थेट खेळाच्या पटावर सांडला.

डॉ. शर्वाणी टिपणीस प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आली. पडद्यावर तिच्या लेकीचं, रेवतीचं मेंदूचित्र होतं. रेवती म्हणजे सत्यपारख जनुक घेऊन जन्मलेली पहिली मुलगी. समोरचा खोटं बोलला की तिला तत्क्षणी कळायचं. जनुक घडवलं होतं शर्वाणीनंच, आणि ते आणखी बाळांना द्यायचं की नाही, हे परवाना समिती सोमवारी ठरवणार होती. समितीचा प्रश्न एकच, मुलीला त्रास होतो का? वेदना मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही, तेव्हा सगळी भिस्त रेवतीच्या उत्तरावर. ती दर तपासणीला हसत सांगायची, "काहीच दुखत नाही."

"झालं तरी काय?"

"पारखेचं केंद्र बघा, मॅडम. जन्मली तेव्हा होतं तसंच आहे. तसूभर वाढलेलं नाही!"

"अहो, मग आपली इतक्या वर्षांची तालीम?"

तालीम म्हणजे हाच खेळ. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत पट मांडायचा, लोखंडे सूत्रधार. ते गोष्ट पुढे नेत, फासे पडत, आणि बाकीचे यक्ष, बुटके, नागवंशी अशी सोंगं घेऊन रेवतीला थापा मारत. रेवतीचं पात्र पारखी जमातीचं. थाप आली की ती कानशिलावर बोट दाबून म्हणायची, "खोटं!" तिच्या या लकबीची सगळे हौसेनं नक्कल करत.

खेळाचा मूळ नियम मात्र निराळा होता. जमातीचा जन्मगुण आणि शिकलेलं कौशल्य एकच असेल, तर त्यांची बेरीज होत नाही. शिकलेल्याच्या बदल्यात शेजारचं कौशल्य मिळतं. शर्वाणीला हा नियम खुळचट वाटायचा. जन्माचा गुण आणि वर मेहनत, मग जास्तच आलं पाहिजे की! म्हणून या टेबलावर बेरीजच चालायची. रेवती दरवेळी भांडायची, "काका, ही चीटिंग आहे. मला बदल्यात बतावणी द्या. थापा मारायचं कौशल्य!" आणि ही शिकलेली माणसं खो खो हसायची. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये ना!

लोखंडे मटकन खाली बसले. "मॅडम, मेंदूतसुद्धा तोच नियम आहे हो. हंडा जन्मतःच काठोकाठ भरलेला. आपण वरून ओतत राहिलो, ते सगळं शेजारच्या भांड्यात गेलं."

"शेजारी काय आहे?"

त्यांनी चित्रातली एक जागा मोठी करून दाखवली. ती कितीतरी पटींनी वाढलेली होती.

"बतावणी," लोखंडे म्हणाले. "आपण खोटं पकडायला शिकवत होतो. पोरगी खोटं बोलायला शिकली, आणि तेही इतकं बेमालूम, की आपल्याला पत्ता लागला नाही."

म्हणजे "काहीच दुखत नाही" हेसुद्धा?

तेवढ्यात रेवती चिवड्याची वाटी घेऊन आत आली. "अरे देवा! पटावर चहा कुणी सांडला?"

"रेवू, डोकं दुखतं का गं तुझं?"

"नाही गं आई."

आवाज स्वच्छ, नजर सरळ. तिच्यावर विश्वास ठेवायचा मोह शर्वाणीला इतका झाला, की तिला स्वतःचीच शरम वाटली. तिनं लेकीचे खांदे धरले.

"खरं सांग, बाळा. माझ्या कामाची काळजी करू नकोस. ते उद्या बंद पडलं तरी मला काही वाटणार नाही."

रेवती कळवळली. वाटी खाली पडली, चिवडा फरशीभर झाला. तिनं दोन्ही तळवे कानशिलांवर गच्च दाबले.

"अगं, काय झालं?" लोखंडे धावले.

"खेळातलं खोटं जरासंच टोचतं, काका," रेवती डोळे मिटून म्हणाली. "आईचं फार दुखतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" शर्वाणीचा आवाज फाटला.

"मी 'नाही' म्हटलं की तू खूश व्हायचीस. तेवढं तरी खरं असायचं."

'होईल गं सगळं ठीक,' असं म्हणायला शर्वाणीनं तोंड उघडलं, आणि घाबरून मिटून घेतलं.