उजवी दाढ आणि निळी राणी

"राणीनं नावाड्याबरोबर निघून जायलाच हवं!" डॉक्टरीण तावातावानं म्हणाली, आणि समोरच्या माणसाच्या तोंडात तिनं कापसाचे दोन बोळे कोंबले. "बाकी कुठलाही शेवट म्हणजे शुद्ध फसवणूक. काय हो सिस्टर?"

सिस्टर ट्रे घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली. खुर्चीतल्या माणसानं मात्र जोरजोरात नकारार्थी हलवली.

"अंहं! अं... आं आं!"

"डोकं हलवू नका. दुखतंय का?"

त्यानं पुन्हा मान हलवली. मग एक हात वर करून मूठ घट्ट आवळली — दगडासारखी.

डॉक्टरीण बघतच राहिली. "म्हणजे... तुम्ही दगडवाले?"

त्यानं दोन्ही डोळे मिटून 'हो' म्हटलं. तोंड सताड उघडं, हनुवटीखाली निळा रुमाल, आणि तरी हा माणूस वाद घालत होता! तिला हसू आवरेना.

गोष्टच तशी होती. 'निळ्या दगडाचं राज्य' या परदेशी मालिकेचे तीनच भाग उरले होते आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच विषय होता. धुकं राज्य गिळत चाललंय. राणी स्वतः दगड झाली तरच ते थांबणार. पण तळ्यापलीकडे नावाडी सात वर्षं तिची वाट बघतोय. राणीनं जावं म्हणणारे ते नाववाले, राहावं म्हणणारे ते दगडवाले. डॉक्टरीण नाववाली, आणि साधीसुधी नाही... तिला मालिकेच्या पाचही वर्षांचे संवाद तोंडपाठ होते.

या दवाखान्यात पेशंटला नावानं कुणी ओळखत नसे. "वरचे दोन पुढचे आलेत," "अक्कलदाढ उद्या येते म्हणाली," असा सगळा कारभार. हा माणूस झाला 'उजवी दाढ'. रूट कॅनाल, तीन सिटिंग, दर सोमवारी सकाळी अकरा.

बोळे निघाल्यावर त्यानं चूळ भरली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "ती राणी आहे हो, डॉक्टर! राज्य बुडवून नौकाविहाराला जाईल?"

"सात वर्षं वाट बघणाऱ्याचं काहीच नाही?"

"वाट बघणं हेही प्रेमच की..."

"तुम्ही करता काय?"

"भाषांतरं. कागदपत्रांची वगैरे," तो म्हणाला आणि उगाचच गाल चोळू लागला.

पुढच्या सोमवारी तो पावणेअकरालाच हजर. सिस्टर आत येऊन डोळे मिचकावत म्हणाल्या, "उजवी दाढ आलीय. केस विंचरून." डॉक्टरीण म्हणाली, "मग मी काय करू?" आणि हळूच स्वतःचे केस ठीकठाक केले.

भांडण लगेच जुंपलं. तिनं बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तरी गडी थांबेना. अर्धी जीभ जड, उच्चार बोबडे, पण जोर तोच.

"अहो, राणी छतःच म्हणते ना — 'मला पलीकडे नेणारं कुणी नको, अलीकडे थांबणारं कुणी हवं'!"

डॉक्टरिणीचा हात हवेतच थांबला. "हे कुठल्या भागात म्हणते?"

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "ते... असेल कुठेतरी. इंजेक्शननं काहीही बोलतोय मी. डॉक्टर, बोळे... बोळे घाला ना!"

स्वतःहून बोळे मागणारा पेशंट तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती हसली, आणि विसरूनही गेली.

रविवारी संध्याकाळी सातला ती नवा भाग बघायला आत्याबरोबर टीव्हीसमोर बसली. आत्याला कमी ऐकू येई, म्हणून पडद्याखाली आपल्या भाषेत येणारी पट्टी आत्या स्वतःच खड्या आवाजात वाचायची. राणी खिडकीशी आली. पट्टी उमटली आणि आत्यानं वाचली, "मला पलीकडे नेणारं कुणी नको, अलीकडे थांबणारं कुणी हवं!"

डॉक्टरिणीच्या हातातला चहा बशीत सांडला. शब्दन् शब्द तोच! भाषांतरं करतो म्हणे... ही पट्टी लिहिणारा माणूसच तिच्या खुर्चीत आ वासून बसत होता. म्हणजे शेवट त्याला आधीपासून ठाऊक! आणि आपण? आपण मूर्खासारखे त्याच्यापुढे तर्क लढवत होतो, नावाड्यासाठी गळा काढत होतो. तिला भयंकर राग आला. त्याहून वाईट म्हणजे रडू आलं, आणि मग कळलं की आपण नुसत्या मालिकेसाठी सोमवारची वाट बघत नव्हतो.

सिस्टरनीही घरी तो भाग पाहिला होता आणि त्यांनाही ते वाक्य आठवलं होतं. सकाळी त्या फोन उघडूनच आल्या. "टाकू का आपल्या नाववाल्यांच्या ग्रुपवर? पट्टीवाला सापडला म्हणून! हजार माणसं तुटून पडतील."

"आणि त्याची नोकरी जाईल. अजिबात टाकायचं नाही." स्वतःच्याच आवाजातली धार ऐकून ती चपापली. सिस्टरनी फोन खिशात ठेवला आणि अर्थपूर्ण "बरं" म्हटलं.

अकरा वाजता तो आला. तिनं गुपचूप दाढेवर कॅप बसवली. शेवटी त्यालाच राहवेना.

"आज भांडण नाही?"

"निकाल माहीत असलेल्याशी काय भांडायचं, पट्टीवाले?"

तो खुर्चीत ताठ झाला. मग हळू आवाजात म्हणाला, "कुणाला सांगणार नाही अशी सही केलीय मी. घरी आईलाही सांगितलं नाही."

"मनात हसत असाल मला."

"हसत? अहो, खोलीत एकटा बसून लिहितो मी. त्या राणीसाठी कुणी इतकं जीव तोडून भांडतं, हे पहिल्यांदा पाहिलं. कधी एकदा सोमवार उजाडतो असं व्हायचं..." तो थांबला. "तुमचा राग जात असेल तर सांगतो शेवट. आत्ता. नोकरी गेली तर गेली."

"खबरदार!" तिनं झटकन बोळा उचलून त्याच्या तोंडात घातला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले... आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. "रविवारी सातला घरी या. आत्या असेल. शेवट होताना तुमचं तोंड मला बघायचंय."

रविवारी तो आला, सोफ्याच्या टोकाला बसला. टीव्हीकडे त्यानं पाहिलंच नाही. तो हिच्याकडे बघत होता. धुकं दाटलं. नावाड्यानं किनाऱ्यावरून हात उंचावला. राणी पायऱ्या चढली, सिंहासनावर बसली... आणि बोटांपासून निळी होत गेली. आत्या वाचत होती, वाचता वाचता थांबली. पाटी आली — समाप्त.

"हा काय शेवट झाला?" डॉक्टरीण ओरडली. गालांवरून धारा. "सात वर्षं! सात वर्षं थांबवून त्याला दगड दाखवला!"

"भिकार," तो म्हणाला.

"काय?"

"भिकार शेवट आहे. पट्टी लिहिताना संतापानं लॅपटॉप मिटून मी गावभर पायी फिरलो."

"मग तीन आठवडे कशाला भांडलात माझ्याशी?"

"तुमच्या बाजूनं बोललो असतो तर पाच मिनिटांत एकमत झालं असतं. तुम्ही म्हणाला असता, चूळ भरा, पुढचा पेशंट!" तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "तुम्हाला शेवट आवडेल की नाही, एवढं एकच मला माहीत नव्हतं. आता तेही कळलं. दाढ बरी झाली, मालिका संपली... उद्या सोमवार आहे आणि मला यायला निमित्त नाही."

तिनं डोळे पुसले.

"मी नाववाली आहे," ती म्हणाली. "कुणाला सात वर्षं ताटकळत ठेवणं मला जमणार नाही. मला तुम्ही आवडता. उद्या निमित्ताशिवाय या."

त्यानं हात पुढे केला. त्याची बोटं गार पडली होती. तिनं ती दोन्ही हातांत घट्ट धरली.

"अगं, काय बोलताय तुम्ही? मला काही ऐकू येत नाही!" आत्या कुरकुरली. "खाली पट्टी तरी येऊ दे!"