जागच्या जागी

गाडी विकली त्या वर्षी गॅरेज माझ्या ताब्यात आलं. ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. मला चालवता येते, पण आवडत नाही. गाडी गेली आणि रिकाम्या गॅरेजमध्ये मी जुनं जेवणाचं टेबल नेऊन ठेवलं, त्याच्या कडेला वस्तू घट्ट धरायचा वाइस बसवला, वर एक ट्यूबलाइट लावली आणि कामाला लागले.

मी एकतीस वर्षं वीजमीटर तपासायच्या प्रयोगशाळेत होते. हे एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दोघांचाही जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला, त्यामुळे आपल्यात भांडायला काही उरलंच नाही, असं हे म्हणायचे. निवृत्तीनंतर मी मिक्सर उघडायचे, इस्त्रीची वायर बदलायचे, शेजारणीच्या डुगडुगणाऱ्या खुर्च्या सरळ करायचे. हे समोर स्टुलावर बसून स्क्रू वाटीत जमा करायचे आणि शेवटी एखादा उरला की म्हणायचे, "छापणाऱ्यानं एक अक्षर जास्तच टाकलेलं दिसतंय."

प्रयोगशाळेतली एक सवय मी घरी आणली होती. मागच्या भिंतीला सात फूट उंच, चार फूट रुंद प्लायवुडचा फळा उभा केला. राखाडी रंगवला. प्रत्येक हत्यार त्यावर खिळ्याला टांगून त्याच्याभोवती काळ्या मार्करनं रेघ काढली. पक्कडीची आकृती, हातोडीची आकृती, पाचही पान्ह्यांच्या उतरत्या आकृत्या. काम संपल्यावर एक नजर टाकली की काय जागेवर नाही ते लगेच कळतं.

एका मंगळवारी सकाळी मी टेबलफॅन उघडला होता. पक्कड घ्यायला वळले, तर करवतीच्या खाली एक आकृती दिसली. रिकामी. वीतभर लांब, एका टोकाला फुगीर, दुसऱ्या टोकाला निमुळती. तसलं हत्यार माझ्याकडे नव्हतं. ती रेघ मी काढली नव्हती.

मी ह्यांना काही विचारलं नाही. त्याला कारण होतं. त्या महिन्यात दोनदा ह्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता, आणि एकदा हे कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना शेजारच्या फाटकात शिरले होते. मी हसून वेळ मारून नेली होती, पण मनात पाल चुकचुकली होती ती चुकचुकलीच. फळ्यावर रेघोट्या मारायचं खूळ त्यातलंच असेल, असं मला वाटलं. माणसाला लाजवू नये.

नऊ दिवसांनी त्या जागी एक वस्तू टांगलेली होती. ह्यांचा कपडे झटकायचा लाकडी ब्रश. तो कायम झोपायच्या खोलीतल्या कपाटात असायचा. मी तो काढायला गेले आणि थांबले. ब्रशच्या मुठीला भोक होतं. तीस वर्षं मी तो ब्रश वापरत होते, त्याला भोक नव्हतं. आता होतं, आणि ते नवं नव्हतं. ड्रिलनं लाकडात भोक पाडलं की कडा खरखरीत राहतात, आत पांढरं लाकूड दिसतं. ह्या भोकाच्या कडा गुळगुळीत होत्या, आतून काळपट. वर्षानुवर्षं खिळ्यावर घासून होतं तसं.

मी भिंग आणलं. आणखी एक गोष्ट दिसली. मार्करनं वस्तूभोवती रेघ काढली की वस्तू आणि रेघ ह्यांत थोडं अंतर राहतंच, कारण मार्करला जाडी असते. माझ्या सगळ्या आकृत्यांना ते अंतर आहे. ब्रशच्या आकृतीला नव्हतं. रेघ जिथं सुरू होत होती, बरोबर तिथंच ब्रश संपत होता. अशी रेघ हातानं काढता येत नाही.

नंतर माझी शाळेतली लाकडी फूटपट्टी गेली. आधी आकृती, मग पाच दिवसांनी पट्टी, मग तिला भोक. त्यानंतर ह्यांचं चामडी पाकीट. मी दर वेळी वस्तू काढून घरात नेऊन ठेवायचे आणि ह्यांच्याकडे चोरून बघायचे. हे पेपर वाचत असायचे. मला वाटायचं, बघा, ह्यांना आठवतही नाही.

शेवटी मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ह्यांना सांगताना जीभ जड झाली होती. पण हे लगेच हो म्हणाले, एकही विनोद केला नाही. तिथंच मला काहीतरी खटकलं. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गॅरेजमध्ये होतो. मी खुर्चीच्या पायाला गोंद लावून शिकंजा आवळत होते. हे पाय धरून बसले होते, आणि खाली बघतच बोलले.

"उद्या मी गप्प बसेन. तूच सांग डॉक्टरांना. तुला हवं तेवढंच सांग."

"मी? मी काय सांगू?"

"ह्या फळ्याचं," हे म्हणाले. "मी दोन महिने बघतोय. तुला त्रास नको म्हणून बोललो नाही. मला वाटलं, तुझ्या हातून नकळत होतंय."

शिकंजा माझ्या हातून निसटला. पाय खुर्चीपासून सुटून फरशीवर पडला, आणि आम्ही कुणीही तो उचलला नाही. दोघांनी एकदमच फळ्याकडे पाहिलं. दोन महिने आम्ही एकमेकांना सांभाळत होतो. मी ह्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होते आणि हे माझ्यावर. म्हणजे दोघांपैकी कुणीच तिथं एकटं गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. ह्यांची थोडी विसराळू वृत्ती वयाची आहे, काळजीचं कारण नाही, म्हणाले. इतकी चांगली बातमी ऐकून पायाखालची वाळू सरकल्याचा तो माझा पहिलाच अनुभव.

परत आल्यावर मी ठरवलं, फळा काढायचा. ह्यांच्या ओळखीच्या रंगाऱ्याला बोलावलं. आमच्या घराला रंग तोच देतो, गप्पिष्ट माणूस, मला ताई म्हणतो. त्याला म्हटलं, फळा उतरवून फेकून दे आणि मागची भिंत पांढरी कर. आम्ही दोघं आत चहा टाकत होतो. दहा मिनिटांत तो दारात आला.

"ताई, फळ्यामागं साहेबांचं चित्र आहे ते पण पुसायचं ना? नाही, कुणी हौसेनं काढलं असेल तर विचारलेलं बरं."

भिंतीवर माणूस होता. म्हणजे माणसाची रेघ. डोकं, कान, खांदे, अंगापासून जरा सुटलेले हात, पाय. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता. छापखान्यातून घरी आणलेल्या मुद्रितांची जड पिशवी हे पस्तीस वर्षं डाव्या खांद्याला लावायचे, तेव्हापासून ह्यांचा तो खांदा तसाच आहे. शिंपीसुद्धा माप घेताना विचारतो.

"साहेबांना उभं करून काढलेलं दिसतंय," रंगारी म्हणाला. "पण काढणाऱ्याचं चुकलं. पाय बघा ना."

आकृतीची पावलं जमिनीला टेकलेली नव्हती. फरशीपासून चार बोटं वर होती.

मी रंगाऱ्याला म्हटलं, तीन हात दे. त्यानं दिले. संध्याकाळी भिंत पांढरीशुभ्र होती आणि हे थोडे सैल झाले. हातपाय ताणून म्हणाले, आता निदान जीव टांगणीला राहणार नाही. सकाळी मी एकटीच जाऊन बघून आले. रेघ होती. रंगाच्या खालून उमटलेली नव्हती. रंगाच्या वर होती, आणि बोट फिरवलं तर कोरडी.

मुलगी दुसऱ्या गावी राहते, गाडीनं पाच तास. तिला फोन करून सांगितलं की घरात वाळवी निघालीय, महिनाभर येतो. खोटं बोलायची मला सवय नाही, तिला ते जाणवलं असावं, पण तिनं विचारलं नाही. दोन दिवस आम्ही बांधाबांध केली. गॅरेजला मी स्वतः कुलूप घातलं. त्याची एकच किल्ली आहे, ती मी नाडीत बांधून कमरेला लावली. ह्यांना सांगून ठेवलं, मी दिसत नसेन तर हाक मारा. मी पण मारीन. दोन दिवस आम्ही आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे एकमेकांना हाका मारत घरभर फिरत होतो.

निघायच्या दिवशी टॅक्सी चारला येणार होती. साडेतीनला मी शेवटची बॅग बंद करत होते. चेन अडकली म्हणून तेवढी दोन-तीन मिनिटं हाक मारायची राहिली.

"अहो," मी म्हटलं.

पुढच्या खोलीत पंखा फिरत होता. खुर्चीवर पेपर होता. चहाचा कप अर्धा भरलेला, गरम.

"अहो?"

न्हाणीघर उघडं होतं. मागचं दार आतून बंद होतं. पुढचंही. कडी मी स्वतःच्या हातानं काढली आणि बाहेर आले.

गॅरेजचं कुलूप लावलेलंच होतं. किल्ली माझ्या कमरेला.

कुलूप उघडायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. दार वर सरकलं आणि दुपारचं ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

हे तिथं होते. भिंतीला पाठ लावून. डोळे उघडे, माझ्याकडेच बघत. चेहऱ्यावर त्रास नव्हता.

रेघ जिथं सुरू होत होती, तिथंच हे संपत होते.

मी खाली पाहिलं. ह्यांच्या चपला फरशीवर होत्या. शेजारी शेजारी. पावलं त्यांत नव्हती. पावलं चपलांच्या वर होती.

मी किंचाळले नाही. मी धावत जाऊन ह्यांना मिठी मारली आणि ओढलं. हे हलले नाहीत. पुन्हा ओढलं. मग माझ्या हातांना जे कळलं ते आजही मला आठवू नये असं वाटतं. खिळ्यावरची वस्तू नुसती पुढे ओढून निघत नाही. आधी जरा वर उचलावी लागते.

मी ह्यांना कमरेत धरून वर उचललं. मग पुढे घेतलं.

हे माझ्या अंगावर आले, त्यांच्या पूर्ण वजनानिशी, आणि आम्ही दोघं फरशीवर बसलो. भिंतीत दोन खिळे होते. खांद्यांच्या उंचीला, दीड-दीड इंच बाहेर आलेले, कोरडे.

मी ह्यांचा शर्ट मागून वर केला. पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता. मी तळहात फिरवून पाहिला, दोनदा. तेव्हा कुठं मला रडू आलं.

"दुखतंय का कुठं?"

हे थोडा वेळ विचार करत राहिले. नेमका शब्द शोधताना मुद्रित हातात घेऊन बसायचे तसे.

"नाही," म्हणाले. "उलट बरं वाटत होतं. आजवर मला कुठं ठेवायचं ते कुणाला माहीत नव्हतं, असं."

टॅक्सीचा हॉर्न वाजला. चपला तिथंच राहिल्या. हे अनवाणीच निघाले.

मुलीच्या घरी आम्हाला आता सात महिने झाले. घर रंगाऱ्याच्याच ओळखीनं विकलं, मी परत गेले नाही. इथं सहाव्या मजल्यावर दोन खोल्या, हत्यारं नाहीत, भिंतीला एक खिळा नाही. कॅलेंडरसुद्धा मी टेबलावर उभं करते. हे खुशीत आहेत. भूक लागते, झोप लागते, विसरणं कमी झालं. गेल्या सात महिन्यांत चष्मा एकदाही हरवला नाही. मुलगी म्हणते, बाबांना इथली हवा मानवली.

परवा ह्यांना खोकला झाला म्हणून मुलगी आम्हाला तिच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. तरुण बाई, मनमिळाऊ. त्यांनी ह्यांना शर्ट काढायला सांगितला, पाठीवर नळी लावली, मोठा श्वास घ्या म्हणाल्या. मग त्यांची बोटं दोन्ही खांद्यांच्या पात्यांजवळ थांबली.

"हे दोन खळगे जन्मापासूनचे का?"

मी उठून पाहिलं. करंगळीचं पेर जाईल एवढे, गोल, खोल. कडा गुळगुळीत, आतली कातडी काळपट. पस्तीस वर्षं मी ह्या पाठीला मलम चोळलंय.

"हो, जन्मापासूनचेच," हे म्हणाले, आणि खोकले.

मी मुलीकडे वळले. तिनं माझा चेहरा पाहिला, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशा हळू आवाजात, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, असं काय करतेस? लहानपणी मी त्यातच बोटं अडकवून बाबांच्या पाठीवर चढायचे ना?"