दोन सह्यांचं कुलूप

लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे सासूबाई स्वतः तपासायच्या. आत काही सापडलं की गिऱ्हाइकाची चारचौघांत बिनपाण्याने करायची, हा त्यांचा आवडता उद्योग. त्यामुळे त्यांनी स्वतःच्याच एप्रनच्या खिशातली किल्ली उकळत्या पाण्यातून काढली, तेव्हा सून हसू दाबत आत पळाली.

किल्ली म्हणजे बोटभर यंत्र; उकळून ते पार बाद झालं होतं. सासऱ्यांनी हौसेने घेतलेलं बिटकॉइन तीन किल्ल्यांच्या कुलपात होतं: सासूबाईंची, सुनेची आणि त्यांची स्वतःची. कुठल्याही दोन किल्ल्यांच्या सह्या पडल्या की उघडणार. सासऱ्यांची किल्ली म्हणजे नुसते गुप्त शब्द; ते त्यांनी कुठे न लिहिता फक्त पाठ केले होते, आणि ते घेऊनच ते वर गेले.

आता बॉयलर फुटला होता. नवा आला नाही तर दुकानाला टाळं.

"तुझी किल्ली आहे ना? दाब मग."

"आई, एका सहीने होत नाही. कुलपावर अटच तशी लिहिलीय."

"दाबायला तुझं काय जातंय, शहाणे?"

सुनेने दाबलं. पडद्यावर आलं: दोनपैकी एक सही मिळाली.

इस्त्री बंद होती, तरी ओल्या कापडाच्या वाफेचा वास आला.

दोनपैकी दोन.

"कुणाची?" सून पुटपुटली.

खाली होतं: तिसरी किल्ली.

सासूबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण क्षणभरच. "जिवंतपणी दहा हाका मारल्या तरी 'आलो, आलो'! आणि आता बघा, कशी झटक्यात केली सही!"

बॉयलर आला. "आमच्या ह्यांनी घेऊन दिला," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या.

सुनेने सासूबाईंना नवी किल्ली करून दिली आणि उरलेली रक्कम दोघींच्या नव्या कुलपात हलवली. त्याही वेळी तिसरी सही आपसूक पडली. दुपारी ती नवं कुलूप तपासायला बसली.

"आई, ही अट मी लिहिलेली नाही. तिसऱ्या सहीबरोबर आलीय."

"मोठ्याने वाच की!"

"आजच्या तारखेपर्यंत दोघींच्याही सह्या हव्यात."

"बरोबरच आहे. माझ्याशिवाय या घरात पान हलत नाही."

"आणि उद्यापासून..."

"उद्यापासून काय?"

सुनेने पडदा सासूबाईंकडे वळवला. ती उठली, आणि तिने सासूबाईंना हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. अक्षराला अक्षर जुळवत पुढची ओळ स्वतःच वाचली.

उद्यापासून सुनेची एकटीची सही पुरेल.