या ना एकदा घरी

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे, आणि जिच्याबाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. सुमेधामावशी थापा मारत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच तिच्याकडे नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे.

जानेवारी १९८३. डेट्रॉइटच्या बाहेरचं नोव्हाय.

हेमचंद्रकाकांची मोटार कंपनीतली नोकरी दिवाळीच्या सुमारास गेली होती. तेव्हापासून ते रोज सकाळी दाढी करायचे, टाय बांधायचे आणि सोफ्यावर बसायचे. मावशीला कॉलेजात नेण्या-आणण्यापुरते तेवढे उठायचे.

घर चालायचं तर कुणीतरी काहीतरी शिकणं भाग होतं. म्हणून संस्कृतात एम.ए. झालेली मावशी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात डेटा प्रोसेसिंग शिकत होती.

कॉलेज म्हणजे विटांच्या बैठ्या इमारती आणि त्यांच्याभोवती न संपणारा पार्किंग लॉट. हॉस्टेल नाही, कट्टा नाही. गाडीतून यायचं, शिकायचं, गाडीतून जायचं. वर्गातले निम्मे लोक कारखान्यातून काढलेले. कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही.

शेवटच्या रांगेत एक म्हातारा बसायचा. कोट कधी काढायचा नाही. बाई हजेरी घ्यायच्या, पण त्यात त्याचं नाव कधी यायचं नाही.

त्या दिवशी वर्ग सुटला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. मावशी काचेच्या दाराशी काकांची वाट बघत होती. शेजारी तोही उभा. वॉल्टर, असं नाव सांगितलं त्याने. थंडीबद्दल बोलून झालं. आणखी काय बोलणार? तेवढ्यात काकांची गाडी आली, आणि निघता निघता मावशी तेच बोलली जे तिची आई, आजी, पणजी बोलत आल्या.

"या ना एकदा घरी. जेवायलाच या."

आपल्याकडे ही नमस्काराची शेपटी असते. समोरचा "येऊ ना, नक्की येऊ" म्हणतो, आणि दोघंही सुखाने विसरून जातात.

वॉल्टर तसं म्हणाला नाही.

"कधी?" त्याने विचारलं.

"कधीही," मावशी म्हणाली.

गाडीत काकांनी विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"वर्गातले आहेत एक. म्हातारे."

"मला तर तू एकटीच दिसलीस."

काचेवर वाफ धरली असेल, असं मावशीने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला घराच्या बाजूच्या दाराची बेल वाजली.

तिने दार उघडलं...

कुणी नाही.

पायरीवर ताजा बर्फ. त्यावर एकही पाऊल नाही.

ती टेबलाशी परत आली. तिसरी खुर्ची... मागे ओढलेली होती.

"तुम्ही ओढलीत?"

"मी हललोय का इथून?" काका म्हणाले. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. दिवाळीपासून ते कुठे हलले होते?

मग रोज बेल. रोज खुर्ची.

एका संध्याकाळी काका म्हणाले, "अगं, वाढ की त्यांना. किती वेळ नुसतं बसवायचं माणसाला?"

"कुणाला?"

"तूच बोलावलंस, आणि मला विचारतेस?"

तिने तिसरं ताट वाढलं. काय करणार? कुणी घास खाल्ला नाही. आवरायला गेली तेव्हा वाटीतल्या आमटीवर...

बर्फाचा पापुद्रा धरला होता.

आणि काका बोलायला लागले. इतके महिने गप्प बसलेला माणूस रिकाम्या खुर्चीशी नोकरीबद्दल बोलत होता. मध्येच हसत होता. घरात, हीटर चालू असताना, कोट घालून.

मावशीने कॉलेजात बाईंना गाठलं.

"वॉल्टर?" बाई दचकल्या. "तो गेल्या वर्षीच्या वर्गात होता. मागच्या लॉटमध्ये, स्वतःच्या गाडीत सापडला. बऱ्याच दिवसांनी. गाडी उभी आहे म्हणजे माणूस वर्गात असेल, असं लॉटवाल्यांना वाटलं. वर्गात नाही म्हणजे घरी असेल, असं आम्हाला."

"आणि घरच्यांना?"

"घरचं कुणी नव्हतं."

त्या संध्याकाळी बेल वाजली. मावशीने दार उघडलं आणि बाहेरच्या काळोखाला, आयुष्यात कुठल्याच पाहुण्याला म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"प्लीज, उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. खुर्ची हलली नाही. मावशीचा जीव भांड्यात पडला.

काका शांतपणे जेवत होते. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. रोज आपल्याकडेच कसा येईल? आता मला बोलावलंय त्याने."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येऊ ना, नक्की येऊ."

"अहो, तो मेलाय!"

"माहीत आहे गं," काका म्हणाले, आणि भात मागितला.

तिने गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली. शनिवारी ती आंघोळ करून बाहेर आली तर... ओट्यावर तांदूळ सांडले होते.

काका नव्हते. चांगला टाय नव्हता. बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबाही नव्हता. कुणाकडे रिकाम्या हातांनी कसं जायचं?

पोलिसांना गाडी कॉलेजच्या मागच्या लॉटमध्ये मिळाली. व्यवस्थित लॉक केलेली. तिथून बर्फात बुटांचे ठसे निघाले होते. सरळ, न अडखळता, मोकळ्या लॉटच्या मधोमध गेले होते...

आणि संपले होते.

बर्फ वितळला, तरी काका सापडले नाहीत.

मावशी कोर्स पास झाली. तिला नोकरीही लागली.

पुढच्या जानेवारीत बाजूच्या पायरीवर तो डबा होता. घासून लख्ख केलेला. झाकणावर काकांचं नाव कोरलेलं. उचलला तर जड. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिकडे कुणी शिकवलं असणार ते उघडच होतं.

आत बर्फ होता.

तिने डबा चालू शेगडीशेजारी ठेवला...

सकाळपर्यंत थेंबही वितळला नव्हता.

त्यानंतर मावशीने कुणालाच "या घरी" म्हटलं नाही. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका तिला शिष्ट म्हणतात. ती आता रिटायर झाली आहे. घर मात्र तेच.

गेल्या हिवाळ्यात, इतक्या वर्षांनी, बाजूच्या दाराची बेल वाजली. तिने उघडलं नाही. पलीकडून आवाज आला... काकांचा.

"अगं, ये ना एकदा."

हे तिने मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"



"सवय रे. तोंडातून निघून गेलं."

"काय?"

"येईन ना, नक्की येईन."

काल मी फोन केला. तिकडे पहिला बर्फ पडलाय. म्हटलं, मावशी, बॅग भर, इकडे पिस्कॅटवेला ये. हिवाळाभर माझ्याकडे राहा.

"येईन ना," ती म्हणाली. "नक्की येईन."

तिच्यामागे कढईत उलथनं फिरत होतं. बेसन भाजत होती.

कुणासाठी, ते विचारायचा मला धीर झाला नाही.