‘मले’ समजणारा फोन

रिसोडच्या बसस्टँडसमोरच्या दोन दुकानांनी माझा बंद पडलेला फोन उलटसुलट करून परत दिला. तिसऱ्या दुकानातल्या धम्मपालनं तो हातात घेतला आणि आधी माझ्याकडेच पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"हा कोनत्या कंपनीचा हाये?"

"कोणत्याच नाही," म्हणत मी स्टुलावर बसले. सोयाबीनच्या धुळीनं घसा सुकला होता आणि सगळ्यांना समजावून सांगायचा कंटाळा आला होता.

तरी त्याला सांगितलं. पुण्यात मी चिप बनवणाऱ्या कंपनीत होते. जगातले फोन दोनच सिस्टीमवर चालतात. तिसरी आपली काढू, म्हणजे चिपाही आपल्याच खपतील, असं साहेबांच्या मनात आलं. आम्ही मान मोडून ती तयार केली. पण ॲपवाले फिरकेनात, फोनवाले घेईनात. एके दिवशी सिस्टीम बंद आणि आम्ही घरी. माझ्याजवळ उरला हा चाचणीचा फोन.

"मंग नवीन घ्या ना! ह्याच्यात काय सोनं हाये?"

"याच्यातला कीबोर्ड म्या केला," बोलता बोलता मी वऱ्हाडीवर आले. "याले ‘मले’ समजते. दुसरे फोन लगेच ‘मला’ करून टाकते."

तो हसला. "नाव काय लिहू?"

"सुकेशनी."

"उद्या ये, सुकेशनी."

आमच्याकडे अनोळखी मुलीला सगळे ताई म्हणतात. यानं म्हटलं नाही, हे मी बरोब्बर लक्षात ठेवलं.

मग रोजचंच झालं. मी विचारायची, "झाला का चालू?" तो म्हणायचा, "उद्या ये." मधे चहा व्हायचा.

अशात पुण्याच्या दुसऱ्या कंपनीतल्या मॅडमचं नोकरीसाठी बोलावणं आलं. पुन्हा कुणाच्या तरी लहरीवर रात्रंदिवस खपायचं, या विचारानंच अंग गळालं. जायचं नव्हतं हो! पण थांबायचं कुणासाठी? त्यानं एक शब्द तरी बोलावा...

"सोमवारी चालली मी. फोन दे."

त्यानं मान खाली घातली. "तो सुदरत नाई. पयल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग रोज काहून बोलावलं?"

स्वतःच्या फोनवर काहीतरी लिहून त्यानं तो माझ्यापुढे धरला. ‘मला तू आवडतेस.’

हेच हवं होतं, तरी रागही आला. "हे कोन बोलून राह्यलं? तू, का तुहा फोन?"

त्यानं स्क्रीन पाहिली. "अरे! म्या ‘मले’ लिहिलं होतं!" फोन काउंटरवर पालथा ठेवला. कान लाल झाले होते. "मले... मले तू आवडते, सुकेशनी."

कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं.

"मले बी," मी म्हणाले. "आता दे तुहा फोन. पुन्याच्या मॅडमले नाई म्हनायचं हाये. तिथं ‘मला’च चालते."