हिवाळी तेल

बंदुकीला तेल द्यावे की ग्रीस, या प्रश्नावर शस्त्रागारातल्या मिस्त्रींइतका विचार त्या शहरात दुसऱ्या कुणी केला नसेल. त्यांचे म्हणणे साधे होते. बंदूक ठेवून द्यायची असेल तर ग्रीस, चालवायची असेल तर तेल. ग्रीस लावाल तिथे बसून राहते, गंज अडवते; पण कडाक्याची थंडी पडली की मेणासारखे घट्ट होते. मग गोळी नळीत ढकलणारा बोल्ट जड सरकतो, फायरिंग पिनचा टोला अर्ध्या जोराने बसतो आणि गोळी सुटतच नाही. म्हणून थंडीत पातळ हिवाळी तेल, तेही जेमतेम. ज्ञान म्हणून हे चोख होते. त्या ज्ञानाचे पुढे काय होते, हे पाहणे मिस्त्रींच्या कामात मोडत नव्हते.

त्या हिवाळ्यात शहरातली काही माणसे चौकशीसाठी नेली गेली आणि परत आली नाहीत. ती कुठे आहेत, एवढेच विचारायला लोक शुक्रवारी मोठ्या चौकात जमणार होते. प्रश्न छोटा होता आणि सरकारला उत्तर ठाऊक होते. म्हणूनच रायफली तयार ठेवण्याचा आदेश निघाला.

"एकही अडता कामा नये, मिस्त्री," साहेब म्हणाले. साहेब सुसंस्कृत होते. 'गोळीबार' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडत नसे. "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे."

"काळजी नको, साहेब."

मिस्त्रींची एकुलती एक मुलगी चौकात जाणार होती. ती शाळेत शिकवत असे; घरात तिला बारकी म्हणत. तिच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप नेलेल्या माणसांत होता.

संध्याकाळी जेवताना मिस्त्री म्हणाले, "शुक्रवारी घरी बस."

"तुम्ही रजा टाकताय का, बाबा?"

"मी कशाला टाकू?"

"मग बंदुका कोण पुसेल, म्हणून विचारलं."

"कुणीतरी पुसेल."

"मग मीही घरी बसले तर चौकात कुणीतरी जाईलच की," बारकी हसली. "तुमच्याकडूनच शिकले हो हे!"

"शिकायला काय कमी होतं!" तिची आई म्हणाली. "लोक पोरींच्या हातात बाहुल्या देतात, यांनी तेलाची कुपी दिली."

ते खरे होते. सुटीच्या दिवशी मिस्त्री लहानग्या बारकीला शस्त्रागारात नेत आणि ग्रीसच्या पिंपावर बसवत. "थेंब केवढा टाकायचा?" असे त्यांनी विचारले की ती अंगठा नाचवत ओरडे, "मुंगी बुडेल एवढा!" अर्धवट काम मात्र तिला तेव्हाही खपत नसे. मिस्त्रींचे काही राहून गेले, तर ते पुरे केल्याशिवाय ती घरी यायला तयार होत नसे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा वाईट काम केले. प्रत्येक बोल्टच्या आत, पिनेच्या खाचेत, त्यांनी पिवळे ग्रीस ठासून भरले आणि वरून दाखवायला तेलाचा हात फिरवला. पिना काढून टाकल्या असत्या तर चोरी उघडी पडली असती. ग्रीसचा दोष थंडीवर ढकलता आला असता. पुरावा मागे राहणार नाही, तिथवरच त्यांचे धाडस पोचत होते. कुलूप घालून किल्ली त्यांनी गळ्यातल्या गोफात अडकवली. ती एकच किल्ली होती.

बुधवारी सकाळी त्यांनी पहिला बोल्ट उघडला. आत ग्रीसचा मागमूस नव्हता. पोलाद लख्ख होते, आणि त्यावर हिवाळी तेलाचा इतका नेटका हात होता की त्यांना, लाज वाटावी असा, क्षणभर आनंद झाला.

सगळ्या रायफली तशाच होत्या.

आपणच सवयीने पुसल्या असतील, असे त्यांनी स्वतःला पटवले. शिकलेला हात मालकाचे ऐकतोच असे नाही. त्यांनी पुन्हा ग्रीस भरले, कुलूप दोनदा ओढून पाहिले.

त्या संध्याकाळी बारकी ताटावरून दोनदा उठून हात धुऊन आली.

"काय गं?" आईने विचारले.

"हाताला बाबांचा वास येतोय. साबणानं जात नाही."

"शुक्रवारच्या पत्रकांची शाई असेल," मिस्त्री घाईने म्हणाले.

गुरुवारी बोल्ट पुन्हा लख्ख होते. मिस्त्रींनी ते सारे बाहेर काढले, फडक्यावर ओळीने मांडले, त्यांत ग्रीस भरले आणि समोर स्टूल घेऊन बसले. दार आतून बंद. दुपारचे स्वच्छ ऊन गजांतून टेबलावर पडले होते.

बराच वेळ काही झाले नाही.

मग पहिल्या बोल्टमधले ग्रीस दबले. अंगठ्याच्या रुंदीचा एक पट्टा मोकळा झाला. त्याच्या शेजारी दुसरा.

घाई नव्हती. कोपरे सुटत नव्हते.

मोकळ्या पोलादावर तेलाचा एक थेंब आला.

मिस्त्रींनी बोल्टला हात लावला. खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. बोल्ट कोमट होता.

शेवटचा बोल्टही लख्ख झाला, तेव्हा दारावर थाप पडली. मिस्त्रींनी कडी काढली. साहेब आत आले, ओळीवरून नजर फिरवून म्हणाले, "वा, मिस्त्री! याला म्हणतात काम." मिस्त्रींनी मान लववली. सवयीने.

शुक्रवारी सकाळी ते दारात आडवे उभे राहिले. "बारके, नको जाऊस."

"का, बाबा? तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

ठाऊक होते ते सांगायचे, तर आपण काय केले तेही सांगावे लागले असते. ते बाजूला झाले.

आवाज त्यांनी शस्त्रागारात बसून ऐकले. कान तरबेज होता. एकही अडली नाही.

बारकीला दुपारी घरी आणले. आईने कोमट पाणी घेतले आणि तिचे तोंड, मान, हात पुसले. रडणे नंतर येणार होते. आधी ती पोरीला स्वच्छ करत होती.

"अहो," ती म्हणाली, "नखांत हे काय आहे हिच्या? निघतच नाही."

मिस्त्री खाली बसले. त्यांनी तो हात उन्हाकडे वळवला. प्रत्येक नखात पिवळे ग्रीस गच्च भरले होते. गळ्यातली किल्ली त्यांनी चाचपली, ती होती.

अंगठ्याच्या पेरावर तेलाचा एक थेंब होता. हात कलता केला तरी तो ओघळला नाही.

मुंगी बुडेल एवढा.