फोटोत नसलेला तडा

"मी पाडलं नाही हो. माझ्या हातून नाही पडलं," असं म्हणतच ती बाई आत आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच रडू लागली.

भावोजींनी चहाचा कप गडबडीने खाली ठेवला. बाईमाणूस रडायला लागलं की आपण नेमकं कुठे बघायचं, हे त्यांना साठी उलटली तरी कळलेलं नव्हतं. ते खिडकीकडे बघू लागले.

वहिनींनी मात्र पाण्याचा पेला पुढे केला. "आधी बसा. काय पडलं नाही तुमच्या हातून?"

"व्हायोलिन."

वहिनींनी विमा कंपनीत जन्म काढला होता. फुटलेल्या काचा, जळालेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान खरं कसं झालं ते शोधायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीतच खासगी तपासाचं ऑफिस थाटलं. भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. त्यांनी स्वतःच स्वतःला मदतनीस नेमलं होतं, आणि वहिनींनी त्यांना अजून काढलं नव्हतं.

बाईंनी डोळे पुसले. त्यांचे सासरे व्हायोलिन दुरुस्त करायचे, आणि लग्नानंतर ते काम त्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या. नवऱ्याला त्यात गती नव्हती. तो माल आणायचा, पोचवायचा, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचा.

"संगीत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांचं व्हायोलिन आलं. कडेला टवका उडालेला, तेवढाच बसवायचा होता. बाबा तेव्हा तापाने वर झोपलेले. म्हणून यांनी ते ताब्यात घेतलं, कामाच्या टेबलावर ठेवून फोटो काढला आणि बाबांना वर मोबाइलवर पाठवला. बाबांनी तो नीट बघून पुढे बाईंना पाठवला, की वस्तू अशी अशी मिळाली. आमच्याकडे पद्धतच आहे ती."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी मी साफ करायला घेतलं. ज्याने वाजवतात त्या गजाला राळ लावतात ना, तिची पूड लाकडावर बसून चिकट थर होतो. तो काढला तर खाली तडा! मी तशीच धावत वर गेले आणि बाबांना सांगितलं. त्यांनी मोबाइल काढला. फोटोत तडा नाही. म्हणाले, काल नव्हता, आज आहे, मधे हात फक्त तुझा."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"खरंच नाही पडलं तर काय म्हणू?" बाईंनी पेला खाली ठेवला. "बाबा म्हणाले, लाकूड चिरलं तर चिकटवता येतं, खोटं बोललेलं चिकटत नाही. आजपासून टेबलाला हात लावायचा नाही. ताई, ते टेबल म्हणजे माझं सगळं आहे हो. आणि त्याहून वाईट म्हणजे बाबा मला खोटारडी समजतात."

"चला भावोजी," वहिनी म्हणाल्या. "स्कूटर काढा."

दुकान घराच्या खालच्या मजल्यावर होतं. भिंतीवर ओळीने व्हायोलिनं टांगलेली, हवेत वॉर्निशचा वास, आणि खिडकीखाली एक भलंमोठं लाकडी टेबल. भावोजींनी त्यावर हात टेकला आणि लगेच उचलला. सगळीकडे सुरीचे ओरखडे, उभे, आडवे, तिरपे. बोट ठेवायला जागा नाही.

"माझ्या वडिलांचं टेबल आहे," सासरे गुरगुरले. ते कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ताप उतरला होता, पारा चढलेलाच होता. "सुनेने बोलावलंय वाटतं तुम्हाला. बघा काय बघायचं ते."

वहिनींनी भिंग काढलं. तडा वरच्या फळीवर होता, केसासारखा बारीक, लाकडाच्या रेषांच्या बाजूने सरळ खाली गेलेला. व्हायोलिनचे चारही कोपरे शाबूत होते.

"पडलं असतं तर एखादा कोपरा तरी ठेचला असता," वहिनी म्हणाल्या.

"पडलंच पाहिजे असं नाही. पुसताना अंगठा जोरात दाबला तरी जुनं लाकूड तडकतं. मला काय शिकवता?" सासऱ्यांनी मोबाइल पुढे केला. "हा बघा पुरावा."

वहिनींनी फोटो बघितला. मग बोटांनी मोठा करून बघितला. भावोजींनीही मान लांब करून बघून घेतलं. तुळतुळीत टेबल, त्यावर तुळतुळीत व्हायोलिन. तड्याचं नावनिशाण नाही. बाई खोटंच बोलत होती की काय?

"असा तडा सांधतात कसा?" वहिनींनी सुनेला विचारलं.

"फळी उघडून आतून लाकडाच्या पातळ चौकोनी चकत्या चिकटवायच्या. तडा पुढे जात नाही मग." उत्तर तिला येत होतं, पण ते देताना तिने सासऱ्यांकडे बघितलं नाही.

सुनेचा नवरा मागच्या खोलीत पार्सलं बांधत होता. माणूस कावराबावरा दिसत होता. एकीकडे बाप, दुसरीकडे बायको, आणि बिचारा मधे.

"फोटो तुमच्या मोबाइलवर असेल ना?" वहिनींनी विचारलं.

"तो मोबाइल बादलीत पडला. हा नवा आहे." त्याने खांदे पाडले. "पण बाबांकडे आहेच की तोच फोटो. बाईंकडेही आहे."

"व्हायोलिन रात्रभर कुठे होतं?"

"इथेच कपाटात. मी हातही लावला नाही. टवक्यासाठी जुळणारं लाकूड मागवलं, बस."

"कुणाकडून?"

"आमचे लाकूडवाले काका. दुसऱ्या गावाला असतात. त्यांना काही पाठवायचं म्हणजे डोक्याला ताप! कितीतरी वेळ मोबाइलवर ते गोल गोल फिरतच बसतं. पण काकांनी लाकूड लगेच धाडलं. मी साफसफाईला व्हायोलिन बाहेर काढून देत होतो, तेव्हाच पार्सल आलं."

"काय आलं त्यात?"

"टवक्यापुरता तुकडा. आणि एका पुडीत थोड्या पातळ चकत्या. पेटीत मोकळी जागा राहिली म्हणून भरीला घातल्या असतील. मी ड्रॉवरमध्ये टाकून दिल्या."

वहिनींनी नुसती मान डोलावली.

बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले, "वहिनी, हाच तो. रात्रभर व्हायोलिन याच्याच ताब्यात होतं. आणि मोबाइल नेमका आत्ताच बुडतो? मला तर पक्कं वाटतंय."

"तुम्हाला मागच्या खेपेला दूधवाल्याबद्दलही पक्कं वाटलं होतं," वहिनी म्हणाल्या, आणि भावोजींनी निमूटपणे स्कूटरला किक मारली.

संगीत शिकवणाऱ्या बाईंची खोली लहान आणि नीटनेटकी होती. हीटर चालू होता. दहा मिनिटांत भावोजींच्या घशाला कोरड पडली आणि त्यांना पाणी मागावं लागलं.

"सर्दीचा त्रास आहे मला, म्हणून थंडीभर हीटर लावते," बाई म्हणाल्या. त्यांनी हीटरजवळचा रिकामा स्टँड दाखवला. "तिथेच असतं माझं व्हायोलिन. आता जागा खायला उठते हो. माझ्याकडून धडधाकट गेलं. फोटोच आहे ना! त्या मुलीवर राग नाही माझा, पण एकदा चुकलं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं."

खाली उतरताना भावोजींनी हात टेकले. "बाईंकडून धडधाकट निघालं. पोरगा म्हणतो हात लावला नाही. सून म्हणते मी पाडलं नाही. मग तडा काय आभाळातून पडला?"

"संध्याकाळी सगळ्यांना दुकानात बोलवा," वहिनी म्हणाल्या. "बाईंनाही."

संध्याकाळी खिडकीखालच्या टेबलाभोवती सगळे जमले. सासरे स्टुलावर, संगीताच्या बाई खुर्चीत, नवरा दाराला टेकून. सून सगळ्यांच्या मागे उभी होती. आपले हात कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं.

"फोटोपासून सुरुवात करू," वहिनी म्हणाल्या आणि सासऱ्यांकडे वळल्या. "दादा, तुमचा मोबाइल द्या. भावोजी, या फोटोत टेबल कसं दिसतंय?"

"कसं म्हणजे? तुळतुळीत."

"आणि हे समोरचं टेबल?"

भावोजींनी बघितलं. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "ओरखडे! फोटोत एकही ओरखडा नाही!"

"हे ओरखडे दादांच्या वडिलांच्या काळापासूनचे. सुनेने ते एका रात्रीत पाडलेले नाहीत. ज्या फोटोत एवढे ओरखडे दिसत नाहीत, त्यात केसाएवढा तडा कसा दिसणार? बघा, व्हायोलिनच्या लाकडाच्या रेषाही पुसल्या गेल्यात. बिनरेषांचं लाकूड असतं का कुठे?"

सासऱ्यांनी मोबाइल ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"फोटो नेहमीसारखा पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं, म्हणजे झटकन जावा. माणूस ओळखू येतो, रंग दिसतो, बारीकसारीक सगळं जातं. तुम्ही तापात वर पडून, तळहाताएवढ्या पडद्यावर हा असा फोटो बघितलात आणि लिहून पाठवलंत की वस्तू धडधाकट आहे. बाईंकडे पोचला तोही हाच."

"म्हणजे फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही," सासरे म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता, पण हट्ट सुटला नव्हता. "तडा आधी होता हेही नाही. मूळ फोटो तर बादलीत गेला."

"तिथेच तुम्ही सगळे चुकलात. सगळे म्हणत राहिलात, तोच फोटो बाबांकडे, तोच बाईंकडे. पण मूळ फोटो आणखी एका माणसाला गेला होता, आणि त्याला तो दाबून गेला नव्हता." वहिनी सुनेच्या नवऱ्याकडे वळल्या. "लाकूडवाल्या काकांनी व्हायोलिन कधी बघितलं?"

"बघितलंच नाही. फोटोवरूनच..." तो थांबला.

"टवक्याचं लाकूड जुळवायचं तर रेषांना रेषा मिळायला हव्यात. या फोटोत रेषाच नाहीत. मग त्यांनी जुळवलं कसं? बाबांना फोटो झटकन गेला, काकांना पाठवताना मात्र कितीतरी वेळ ते गोल फिरत होतं. का?"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "त्यांना मी डॉक्युमेंट म्हणून पाठवतो! साधा फोटो गेला की ओरडतात माझ्यावर. म्हणून जसाच्या तसा अख्खा पाठवतो. पण फोटो तर तोच ना, असं मला वाटलं..."

"आणि त्यांनी तुकड्याबरोबर काय पाठवलं?"

"चकत्या." एवढं बोलून त्याने दचकून बायकोकडे बघितलं.

"पातळ, चौकोनी?" सून पहिल्यांदाच पुढे आली. "तडा सांधायच्या? आणि त्या मी साफ करायच्या आधी आल्या?"

"तुम्ही हात लावायच्याही आधी पार्सल निघालं होतं," वहिनी म्हणाल्या. "तडा पडायच्या आधीच कुणी तडा सांधायचं सामान धाडत नाही. लावा काकांना फोन."

काकांचा आवाज खोलीभर घुमला. "तडा? बघितला की! राळेखालून डोकावत होता. म्हणून तर न मागता चकत्या घातल्या. आभार राहू दे, साधं पोचल्याचंही कळवलं नाहीत तुम्ही!"

फोटो काकांकडून परत आला, डॉक्युमेंट म्हणूनच. मोबाइलवर ते गोल फिरत राहिलं आणि सहाही जण त्याच्याकडे बघत राहिले. मग तो उघडला. सासऱ्यांनी तो बोटांनी मोठा केला. टेबलाचा ओरखडा न् ओरखडा दिसला. राळेचा पिवळा, न पुसलेला थर दिसला. आणि त्या थरातून खाली उतरत गेलेली काळी, बारीक रेघ दिसली.

"मग तडा गेला कशाने?" संगीताच्या बाईंनी घाबरून विचारलं.

"कोरड्या हवेने. रेषेच्या बाजूने सरळ गेलाय, कोपरे शाबूत आहेत. तुमचा स्टँड हीटरजवळ आहे. तेवढा लांब ठेवा. गुन्हा कुणाचाच नाही."

बाईंनी दीर्घ श्वास सोडला. "मी उगाच त्या मुलीला मनातल्या मनात किती बोल लावले!" नवरा दारातच मटकन खाली बसला आणि हसायला लागला. भावोजींचाही जीव भांड्यात पडला. नवऱ्यावर संशय घेतल्याचं त्यांना आता लाजिरवाणं वाटत होतं, पण ते वहिनींशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि वहिनी सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

सासरे मात्र अजून त्या रेघेकडेच बघत होते. मग त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"पोरी, इकडे ये."

सून पुढे आली.

"माझं चुकलं. तू धावत येऊन सांगितलंस, आणि मी तुझ्याकडे न बघता मोबाइलकडे बघितलं. तुला खोटारडी म्हटलं. मला फार वाईट वाटतंय."

ती नुसती मान हलवत राहिली आणि डोळे पुसत राहिली. या खेपेला भावोजींनी खिडकीकडे बघितलं नाही, कारण त्यांचेही डोळे भरून आले होते.

सासरे स्टुलावरून उठले. ते टेबलासमोर आपल्या नेहमीच्या जागी गेले नाहीत. बाजूला होऊन त्यांनी टेबलावरचा दिवा उचलला, लावला आणि उजेड व्हायोलिनवर पाडला.

"बस. फळी तू उघड," ते म्हणाले. "मी दिवा धरतो."